शहाण्याने चढलेली पायरी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मी गेली वीस वर्षे विद्यार्थ्यांना समजावून सांगत आलो आहे. म्हणीचा अर्थ सांगावा, एखादे वाक्य करून दाखवावे आणि पुढच्या म्हणीकडे वळावे, एवढाच तिचा माझा संबंध. ज्या अनुभवी पुरुषाने ही म्हण प्रथम उच्चारली असेल त्याच्यावर कोणता प्रसंग गुदरला होता, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तो २०१६च्या मे महिन्यात पडला. त्या महिन्यात एकाच आठवड्यात मी दोन दाव्यांत गुंतलो. एका दाव्यात मी भाडेकऱ्याच्या बाजूला होतो आणि दुसऱ्यात घरमालकाच्या! आता सात-आठ वर्षे दोन्हीकडचे पाणी प्यायल्यावर मला जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी आमच्या बिऱ्हाडाची हकीकत सांगतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या वस्तीत हाहाकार उडाला. आमच्या आजोबांची जागा त्या पुरात गेली. पुढच्या वर्षी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात त्यांना तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. भाडे महिना बावीस रुपये. आजोबांमागून वडील आणि २००८ साली वडील गेल्यावर आई, अशी भाडेपावतीवरची नावे बदलत गेली; जागा तीच राहिली. मी लग्नानंतर कर्ज काढून उपनगरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. इमारतीला लिफ्ट नाही. आई एकदा आली, जिन्यात दोनदा बसली आणि घरात पाऊल टाकताच म्हणाली, “घर छान आहे हो. आता मला खाली नेऊन सोड.” ती पुन्हा वाड्यातच राहिली.

वाड्याचे मालक वरच्या, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर राहत. मालक मितभाषी, सज्जन. काकू तर आईच्या जिवाभावाच्या. दोघी जवळजवळ एकाच वयाच्या. काकूंचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी गॅलरीच्या कठड्याला एक दोरी बांधली व तिला वेताची टोपली लावली. भाजी, दूध, वर्तमानपत्र त्या टोपलीतून वर जाई आणि वरून आमच्यासाठी कधी अळूवडी, कधी साबुदाण्याची खिचडी खाली येई. अशा त्या वाड्यात एके दुपारी पोस्टमनने आईची सही घेऊन रजिस्टर पाकीट दिले. आत मालकांच्या वकिलांची नोटीस होती: ‘आमच्या अशिलाच्या पत्नीस जिना चढणे-उतरणे अशक्य झाले असून तळमजल्यावरील जागेची त्यांना स्वतःच्या वापरासाठी वाजवी व खरीखुरी गरज आहे, सबब...’

त्याच आठवड्यात साताऱ्याहून मामांचा फोन आला. मामांचे बाजारपेठेत एक लहानसे दुकान आहे. त्यांच्या वडिलांनी ते फार वर्षांपूर्वी भाड्याने दिलेले. भाडे महिना सातशे रुपये, आणि तेही तीन वर्षे थकलेले. मामा म्हणाले, “प्राध्यापक, तुम्ही शिकलेले. चार शब्द कडक लिहून द्या. भटाला दिली ओसरी अन् भट हातपाय पसरी, अशी गत झालीय माझी.” मी त्यांना म्हटले, “मामा, सध्या त्या ओसरीवर मीच बसलोय!”

आता थोडे कायद्याविषयी, कारण त्यावाचून पुढची कथा समजणार नाही. घराचे भाडे आणि भाडेकऱ्याचे संरक्षण हा आपल्याकडे युद्धांनी आणून ठेवलेला विषय आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईत जागांची टंचाई झाली म्हणून १९१८ साली भाडेनियंत्रण आले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७चा मुंबई भाडे कायदा झाला व १३ फेब्रुवारी १९४८पासून तो अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच पुष्कळशा जागांचे ‘प्रमाण भाडे’ म्हणून गोठले. कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षे टिकला! अखेरीस डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की, भाडे असे गोठवून ठेवणारी कलमे काळाच्या ओघात अवाजवी झाली आहेत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २०००पासून लागू झाला. तोवर पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथे तीन निरनिराळे कायदे होते, ते जाऊन साऱ्या राज्याला एक कायदा झाला. मालकाला दरसाल चार टक्के भाडे वाढविण्याची मुभा मिळाली. पण बावीस रुपयांवर चार टक्के म्हणजे किती, हे गणित चौथीतला मुलगाही करील. वाड्याची कौले शाकारायला गवंडी एका दिवसाची जी मजुरी मागतो, ती आमच्या कित्येक महिन्यांच्या भाड्यातून भागली नसती. मालकांची ही बाजू मला तोवर कधी दिसली नव्हती. भाडेकऱ्याच्या घरात वाढलेल्याला ती सहसा दिसत नाही.

या कायद्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते. भाडेकरू ठरलेले भाडे देत असेल, किंवा द्यायला तयार असेल, तर त्याला उठविता येत नाही; उठवायचे असेल तर कायद्याने सांगितलेल्या कारणांपैकी एखादे कारण कोर्टात सिद्ध करावे लागते. ही कारणे सोळाव्या कलमात आहेत. मालकाच्या लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव देणे, बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे, दाव्यापूर्वी सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा ठरलेल्या कामासाठी न वापरणे, ही झाली भाडेकऱ्याच्या दोषांची कारणे. दुसरी कारणे मालकाच्या गरजेची: त्याला स्वतःसाठी जागा हवी असणे, किंवा दुरुस्तीसाठी वा पाडून नवी इमारत बांधण्यासाठी ती रिकामी होणे भाग असणे.

यातले ‘स्वतःची गरज’ हे कारण मोठे विलक्षण आहे. मालकाची गरज खरी ठरली म्हणजे काम झाले, असे नाही. जागा सोडावी लागल्याने भाडेकऱ्याला अधिक हाल सोसावे लागतील की न मिळाल्याने मालकाला, हे तागडीत घालून न्यायाधीशांनी पाहायचे असते. भाडेकऱ्याचे पारडे जड ठरले तर गरज खरी असूनही दावा फेटाळला जातो; कधी जागेचा काही भागच मालकाला मिळतो. म्हणजे आमच्या दाव्यात तागडीच्या एका पारड्यात काकूंचे गुडघे होते आणि दुसऱ्यात आईचे!

दावा कोठे लावायचा हेही ठरलेले असते. मुंबईत धोबीतलावाजवळचे लघुवाद न्यायालय. पुण्यासारख्या ठिकाणी तेथले लघुवाद न्यायालय. आणि जिथे असे न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. म्हणून आमचा दावा शिवाजीनगरच्या कोर्टाच्या आवारात आणि मामांचा साताऱ्याच्या दिवाणी न्यायालयात, अशा माझ्या दोन वाऱ्या सुरू झाल्या.

कोर्टात पहिल्या दिवशी मला सर्वांत मोठा धक्का बसला तो भाषेचा. वकीलपत्र, तारीख, नक्कल, रोजनामा, पुरसिस, हुकूमनामा, दरखास्त! शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हे मी वर्गात अभिमानाने सांगतो. साडेतीनशे वर्षांनंतरही कोर्टाच्या दाराशी तो कोश बाहेरच उभा आहे! पण या शब्दांचा एक गुण मान्य केला पाहिजे. शिपायापासून पक्षकारापर्यंत सर्वांना ते कळतात. खेड्यातला मनुष्यसुद्धा ‘निशाणी पाचवर हुकूम झाला का?’ असे सहज विचारतो. निशाणी पाच म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. दाव्यातल्या प्रत्येक कागदाला निशाणीचा क्रमांक पडतो, आणि हा अर्ज बहुधा पाचवा असतो म्हणून त्याचे ते नावच पडून गेले.

दाव्याची चाल अशी: मालक दावा दाखल करतो. बेलीफ समन्स घेऊन येतो. ते टाळण्यात काही हशील नाही, कारण न घेतल्यास दारावर चिकटविले जाते. मग प्रतिवादीने आपली कैफियत, म्हणजे लेखी जबाब द्यायचा. त्यासाठी तीस दिवस असतात आणि कोर्टाने वाढवून दिल्यास नव्वद. त्यानंतर न्यायाधीश वादाचे मुद्दे काढतात. मग पुरावा. पूर्वी साक्षीदाराची सरतपासणी पिंजऱ्यात उभे राहून होई. २००२ सालापासून ती प्रतिज्ञापत्रावर लिहूनच देतात आणि समोरचा वकील उलटतपासणी घेतो. दोन्हीकडचा पुरावा संपला की तशी पुरसिस द्यायची, मग युक्तिवाद, मग निकाल. कागदावर हे चार ओळींत संपते. प्रत्यक्षात दोन ओळींमध्ये वर्षे उलटतात. कधी साहेब रजेवर, कधी वकील दुसऱ्या कोर्टात, कधी समोरचा साक्षीदार आजारी. आता निदान तारीख कळण्यासाठी हेलपाटा पडत नाही. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा व आकड्यांचा क्रमांक असतो, तो मोबाईलवर टाकला की पुढची तारीख दिसते. पूर्वी तारीख पडलेली कोर्टात कळे, आता घरबसल्या कळते, एवढाच काय तो फरक!

आमची कैफियत तयार झाली तेव्हाची गोष्ट मात्र मला अजून बोचते. आमच्या वकीलसाहेबांनी मजकूर वाचून दाखविला. त्यात एक वाक्य होते: ‘वादीच्या पत्नीस जिना चढण्या-उतरण्यास कोणतीही अडचण नाही व सदर गरज बनावट आहे.’ आईने चष्म्यातून माझ्याकडे पाहिले. “हे कोणी सांगितलं यांना? मागच्या पावसाळ्यात वहिनी पडल्या तेव्हा खुर्चीत बसवून तूच खाली आणलंस ना त्यांना?”

वकीलसाहेब हसून म्हणाले, “आजी, समोरच्याचे म्हणणे नाकारायचेच असते. नाकारले नाही तर कबूल केले असे होते.”

आई गप्प राहिली. मी म्हटले, “आई, कर सही. ही कायद्याची भाषा असते.” आईने सही केली. भाषेचा प्राध्यापक मी, आणि खोट्याला भाषेचे नाव देऊन मोकळा झालो. त्या दिवसापासून गॅलरीतली टोपली खाली यायची थांबली. मालकांच्या हाती आमच्या कैफियतीची प्रत पडली होती.

साताऱ्याकडे मामांचे निराळेच चालले होते. थकबाकीच्या दाव्याला एक पथ्य आहे. आधी लेखी नोटीस देऊन भाडे मागायचे आणि ती पोचल्यापासून नव्वद दिवस थांबायचे. त्याआधी दावा लावता येत नाही. मामांनी दिवस मोजले. नव्वद दिवसांत छदाम आला नाही. दावा लागला, समन्स गेले. आता मामांना वाटले, जिंकलो! पण कायद्याने भाडेकऱ्याला आणखी एक संधी ठेवली आहे. समन्स लागल्यापासून नव्वद दिवसांत सारी थकबाकी, तिच्यावर दरसाल पंधरा टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च त्याने कोर्टात भरला, आणि पुढे निकालापर्यंत भाडे नियमाने भरत राहिला, तर त्या कारणावरून त्याला काढता येत नाही. दुकानदाराने मुदत संपायला आठवडा असताना सगळी रक्कम आणून भरली. मामा संतापले. “म्हणजे मी वकिलाला पैसे देऊन याच्याकडून भाडे वसूल करायचे, आणि हा पुन्हा तिथेच!”

पण त्या कलमातला ‘नियमाने’ हा शब्द मामांच्या वकिलांनी नीट वाचला होता. ते म्हणाले, “थांबा. ज्याला तीन वर्षे भाडे द्यायची सवय नाही, त्याला एकाएकी सवय लागत नाही.” झालेही तसेच. चार महिने भाडे जमा झाले आणि पुन्हा बंद पडले. दुकानदाराचे संरक्षण त्याच्याच हाताने गेले. २०१८ साली मामांच्या बाजूने हुकूमनामा झाला.

हुकूमनामा झाला म्हणजे ताबा मिळाला, असे समजणारे माझ्यासारखे भोळे लोक पुष्कळ असतील. हरलेल्या पक्षाला तीस दिवसांत अपील करता येते. पुण्या-साताऱ्याकडे ते जिल्हा न्यायालयात. मुंबईत मात्र लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांपुढे. त्यानंतर उच्च न्यायालयात फेरतपासणीचा अर्ज राहतोच. अपिलात हुकूमनाम्याला स्थगिती मिळते, परंतु ती फुकट मिळावी असे नाही. आत्माराम प्रॉपर्टीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आहे की, स्थगिती हवी असेल तर भाडेकऱ्याला बाजारभावाने वाजवी रक्कम दरमहा भरण्याची अट घालता येते. ही अट पडली की सातशे रुपयांच्या दुकानात बसून अपील लांबविण्याची गोडी बरीच कमी होते.

अपील फेटाळले गेल्यावर मामांनी दरखास्त लावली. म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून मागितली. बेलीफ ताब्याचे वॉरंट घेऊन दुकानी गेला, तो आत दुकानदाराचा मेहुणा बसलेला. “मी स्वतंत्र भाडेकरू. माझा या दाव्याशी संबंध नाही.” झाले! अशा अडथळ्याची चौकशी त्याच कोर्टाला करावी लागते. मेहुण्यापाशी ना पावती, ना करार. पण हे ठरायला आणखी एक वर्ष गेले. शेवटी २०२३ साली पोलीस बंदोबस्तात कुलूप तोडून, पंचनामा करून, मामांना ताबा मिळाला. मामा आत गेले. भिंतींना वाळवी, छताचे पत्रे गंजलेले. बाहेर येऊन ते पायरीवर बसले आणि म्हणाले, “वकील, कोर्ट, हेलपाटे यांत जे गेले, त्यात दुसरे दुकान झाले असते की नाही रे?” मी हिशेब केला नाही.

आता पुन्हा पुण्यात येतो. २०१९ साली माझी साक्ष निघाली. आईबरोबर कोण राहते, तिला दुसरी जागा आहे का, हे मी प्रतिज्ञापत्रावर सांगितले होते. मालकांचे वकील वयस्कर होते, आवाज मृदू. त्यांनी विचारले, “आपला स्वतःचा फ्लॅट आहे?”

“आहे.”

“मग आईंना तिथे का नेत नाही?”

“तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही. तिला जिना चढवत नाही.”

“म्हणजे त्या वयाच्या स्त्रीला जिना चढणे अवघड असते, असे आपले म्हणणे?”

“होय.”

“आणि माझ्या अशिलाच्या पत्नी त्याच वयाच्या आहेत, त्यांना मात्र कोणतीही अडचण नाही, असेही आपल्याच कैफियतीत म्हटले आहे. यांतले खरे कोणते, प्राध्यापकसाहेब?”

मी निरुत्तर झालो. न्यायाधीशांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि लघुलेखकाला सांगितले, “साक्षीदार उत्तर देत नाही, असे लिहा.” आयुष्यात हजारो विद्यार्थ्यांना मी उभे करून प्रश्न विचारले असतील. उत्तर येत नसताना उभे राहणे काय असते, ते त्या दिवशी कळले.

आईची साक्ष पुढच्या तारखेला झाली. वकिलांनी तिलाही तोच प्रश्न केला. आई म्हणाली, “दुखतात तर! त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा जास्त दुखतात. पण साहेब, मी तरी कुठे जाऊ?” आमच्या वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. मालकांचे वकील म्हणाले, “आणखी प्रश्न नाहीत.” मालक मागच्या बाकावर मान खाली घालून बसले होते.

मग २०२० साल आले. कोर्टांची कामे करोनामुळे आखडली. प्रकरण युक्तिवादाला राहिले ते राहिलेच. २०२२च्या उन्हाळ्यात निकाल लागला. न्यायाधीशांनी मालकांची गरज खरी धरली. त्यासाठी चक्क आईच्याच साक्षीचा आधार घेतला. परंतु दाव्याच्या वर्षभर आधी मालकांनी पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या एका शिकवणीच्या वर्गाला लायसेन्सने दिल्या होत्या. एक जिना तरी वाचला असता ती जागा त्यांनी दुसऱ्याला दिली, आणि प्रतिवादी बाईंना तर दुसरी जागाच नाही. सबब अधिक हाल प्रतिवादीचे, असे ठरवून दावा फेटाळला. आम्ही जिंकलो! मी पेढे आणले. आईने देवापुढे एक ठेवला आणि पुडा बांधून फळीवर टाकला. मालकांनी अपील केले.

त्या वर्षीच्या दिवाळीत पहिल्या अंघोळीच्या सकाळी मी वाड्यावर गेलो, तो आई अंगणात उभी. हातात फराळाचा डबा. वर पाहून हाका मारीत होती, “वहिनी, अहो वहिनी! टोपली सोडा!” सहा वर्षांत त्या दोघी बोलल्या नव्हत्या. एकीला वर चढता येत नव्हते, दुसरीला खाली उतरता येत नव्हते. बराच वेळ कोणी आले नाही. मी म्हटले, “आई, चल आत.” तेवढ्यात कठड्याशी काकू दिसल्या. त्या काही बोलल्या नाहीत. टोपली मात्र हळूहळू खाली आली. दोरी नवी होती, टोपली जुनीच. आईने डबा ठेवला आणि मला म्हणाली, “हे बघ, त्यांचं अपील-बिपील तू आणि मालक बसून मिटवा. मला जिंकून इथे राहवत नाही.”

मी वकीलसाहेबांकडे गेलो. वाटले होते, ते चिडतील. ते म्हणाले, “अहो, हे सहा वर्षांपूर्वी सुचले असते तर! पण तेव्हा मीही सुचविले नाही.” कोणत्याही टप्प्यावर, अगदी अपिलातही, तडजोड करता येते. मध्यस्थी केंद्रे आहेत, लोकअदालत आहे. लोकअदालतीत झालेली तडजोड हुकूमनाम्यासारखीच असते. तिच्यावर अपील नाही आणि भरलेले कोर्ट-फीचे पैसेही परत मिळतात. आम्ही चौघे समोरासमोर बसलो, तेव्हा ध्यानात आले की मालकांना आम्हांला रस्त्यावर काढायचे नव्हते आणि आम्हांला काकूंना माडीवर कोंडायचे नव्हते. २०२३च्या लोकअदालतीत ठरले: आईने एक वर्षात जागा सोडायची, मालकांनी तिच्या पुढच्या सोयीसाठी एक रक्कम द्यायची. रकमेचा आकडा सांगत नाही. दोघांनाही थोडा टोचेल इतकाच होता, म्हणजे वाजवी होता.

मी माझा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट लायसेन्सने दिला आणि पेठेतच तळमजल्यावरची जागा लायसेन्सने घेतली. आज मी एकाच वेळी मालकही आहे आणि बिऱ्हाडकरूही! हे ‘लीव्ह अँड लायसेन्स’ प्रकरण मात्र नीट समजून घ्यावे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसेन्सवर राहत होते त्यांना त्या वेळच्या दुरुस्तीने भाडेकरू मानले गेले. त्यानंतरच्या लायसेन्सधारकांना ते कवच नाही. मुदत संपली की राहत्या जागेचा मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, आणि न सोडणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते. आजोबांच्या पावतीने आम्हांला एकसष्ट वर्षे दिली. माझा करार अकरा महिन्यांचा आहे. पूर्वी मालकाचा जीव टांगणीला लागे, आता राहणाऱ्याचा लागतो. दोहोंच्या मधली वाट काढणे अजून कायद्याला साधलेले नाही, असे माझे नम्र मत आहे.

या दोन वाऱ्यांतून गाठीशी बांधलेल्या चार गोष्टी सांगतो. भाडेकऱ्याने भाड्याची पावती मागून घ्यावी व जपावी. मालकाने भाडे नाकारले तर पाठविल्याचा लेखी पुरावा ठेवावा. आमच्या वडिलांच्या ट्रंकेत ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून परत आलेल्या मनिऑर्डरी होत्या, त्या कोर्टात उपयोगी पडल्या. मालकाने करार लेखी करून नोंदवावा. १९९९च्या कायद्याने ती जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे, आणि न नोंदविल्यास शिक्षेची तरतूद आहेच, शिवाय वाद झाला तर अटींबाबत बिऱ्हाडकरूचे म्हणणे खरे धरले जाते. पाणी किंवा वीज तोडून कोणाला हुसकावू नये. तो स्वतंत्र गुन्हा होतो आणि चांगला दावा बिघडतो. आणि सर्वांत महत्त्वाचे: कागदावर सही करण्यापूर्वी ‘हे खरे आहे का?’ असे घरात कोणी विचारले, तर त्या माणसाचे ऐकावे.

वाडा सोडला त्या दिवशी आईने चुलीजवळची जागा पुसून घेतली, किल्ली पदराला पुसली आणि मालकांच्या हातात दिली. मालक म्हणाले, “वहिनी, राग नसावा.” आई म्हणाली, “राग कसला? कोर्ट होतं म्हणून भांडता तरी आलं. नुसते अबोल राहिलो असतो तर मेल्यावरही मिटलं नसतं.”

आता काकू तळमजल्यावर राहतात. आमची नवी जागा तिथून दोन गल्ल्यांवर आहे. मधे एकही जिना नाही. संध्याकाळी दोघी एकमेकींकडे काठी टेकीत जातात-येतात. वेताची ती टोपली काकूंनी आईला देऊन टाकली. आई तिच्यात कांदे ठेवते. परवा वर्गात पुन्हा ती म्हण आली. मी अर्थ सांगितला, पण वाक्यात उपयोग करून दाखविण्याचे काम या खेपेस विद्यार्थ्यांवर सोपविले.